बारा ए.एम.

दाजींचा बिल्ला मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत मी बऱ्याचदा रडलेलो आहे. कुणाला माझी दया यायच्या आत एवढं ठाऊक असलेलं बरं.

आमची दगडाची खाण म्हणजे जमिनीत खणलेला एक भला मोठा खड्डा. तळाशी जायला दोनशेदहा पायऱ्या. वर, पायऱ्यांच्या तोंडाशी, एक लाकडी फळा आणि त्यावर सत्तर खिळे, प्रत्येक खिळ्याला आकडा. खाली उतरताना आपला पितळी बिल्ला आपल्या आकड्यावर लावायचा, वर आलं की काढून खिशात टाकायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. सगळे खिळे उघडे म्हणजे खाण रिकामी. सुरुंग उडवायच्या आधी सुरुंगवाले हा फळा बघत आणि ऑफिसचा कारकून सही करी, मगच भोंगा व्हायचा.

जेवणाच्या सुट्टीत खाली थांबायला बंदी होती. बारा वाजून दहा मिनिटांनी मुकादम फळा बघायचा आणि बिल्ला दिसला की त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याला घरी हाकलायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच ड्रिल मशीनवर. त्यांच्या गुडघ्यावर वर्षापूर्वी दगड पडलेला, तेव्हापासून सकाळी एकदा उतरणं आणि संध्याकाळी एकदा चढणं एवढंच त्यांना झेपायचं. ताईने मला बजावलं होतं, "त्यांना दुपारी चढायला लावू नकोस. रात्री गुडघा धरून बसतात, मला बघवत नाही." म्हणून दाजी डबा घेऊनच खाली उतरत, दुपारी कपारीच्या सावलीत जेवून पाठ टेकत, आणि मी वर जाताना माझ्या बिल्ल्याबरोबर त्यांचाही काढून खिशात घाली. सुट्टी संपली की दोन्ही पुन्हा लावी. सात महिने हे असंच चाललं होतं. आमच्या खाणीत असं करणारा मी काही एकटा नव्हतो.

आता स्पेलिंगबद्दल. ऑफिसातल्या कारकुनाला आम्ही स्पेलिंग म्हणायचो. पन्नाशीचा, काटकुळा, खिशाला तीन पेनं. खाणीत चार भाषा बोलणारी माणसं होती, त्यामुळे नव्या मालकाने सगळ्या सूचना इंग्रजीत लावायचा हुकूम काढला. म्हणजे एकालाही नीट कळणार नाही, पण अन्याय सगळ्यांवर सारखा. त्या सूचना स्पेलिंग लिही. वळणदार अक्षरात लिही, आणि खाली रेघ मारताना जीभ बाहेर काढी.

माझं त्याच्याशी पटत नसे. मी इंग्रजी आठवीपर्यंत शिकलोय, आणि आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाइतका शहाणा कुणी नसतो. एकदा चहाच्या वेळी तो सांगत होता, की इंग्रजीत रात्री एक वाजताही सकाळच म्हणतात. सकाळचा एक. मी म्हणालो, "त्यांच्याकडे उजाडतं तरी कधी मग?" सगळे हसले. आपल्याकडे पहाट आहे, सकाळ आहे, टळटळीत दुपार आहे, तिन्हीसांज आहे, मध्यरात्र आहे. त्यांचं सगळं दोन अक्षरांत, ए.एम. आणि पी.एम. तो लाल झाला. म्हणाला, "बाराचा तर त्यांच्यातही घोळ आहे. दुपारचे बारा ए.एम. की पी.एम., यावर मोठमोठे लोक भांडतात. माझ्या मते सकाळ बाराला संपते, म्हणून दुपारचे बारा सकाळमध्ये धरावेत." मी त्याच्या तोंडावर म्हणालो, "तुमच्या मताला इथे विचारतोय कोण?" पुन्हा हशा पिकला. त्याने चहा अर्धा टाकला आणि निघून गेला.

हे त्याने सांगितलं होतं. माझ्या देखत, भर चहावर. मी ऐकलं ते त्याची टिंगल करण्यापुरतं.

एरवी सुरुंग दुपारी चारला उडत. त्यात दोन तास काम बुडतं असं नव्या मालकाच्या डोक्यात आलं. मंगळवारी फळ्याशेजारी सूचना लागली: सुरुंग, बुधवार, बारा ए.एम. माणसं गोळा झाली. कुणी दुपार म्हणे, कुणी रात्र. दाजी मला म्हणाले, "ऑफिसात विचारून ये ना एकदा."

"त्याला काय विचारायचं? बारा ए.एम. म्हणजे मध्यरात्र. आठवीच्या पुस्तकात होतं."

"मध्यरात्री कोण सुरुंग उडवतं रे?"

"रात्री खाण रिकामी असते. मालकाचं एक मिनिट वाया जात नाही. तुम्ही निश्चिंत झोपा दुपारी."

विचारायला वीस पावलं जायचं होतं. पण स्पेलिंगपुढे जाऊन 'याचा अर्थ काय हो' म्हणणं माझ्या जिवावर आलं. खरं कारण एवढंच आहे.

बुधवारी सकाळी सुरुंगवाल्यांनी वरच्या टप्प्यावरची भोकं भरली. दाजींची कपार बरोबर त्या टप्प्याच्या खाली. मला ते दिसत होतं. रात्रीसाठी भरतायत, असं मी स्वतःला समजावलं. जेवणाचा भोंगा झाला. दाजींनी कानातला कापूस काढलाही नाही. ड्रिलवाले दिवसभर कानात कापूस ठेवतात, दुपारी झोपतानाही. हातानेच त्यांनी 'जा' म्हटलं. मी वर आलो, दोन बिल्ले काढले आणि नळावर हात धुवायला गेलो.

तिथे भोंगा पुन्हा झाला. लांब. मग दुसरा लांब. सुरुंगाचे तीन भोंगे असतात. हातावर पाणी पडत होतं आणि तिसरा सुरू झाला.

आता जे सांगतो ते मी कित्येक दिवस कुणालाही सांगितलं नाही. पहिला विचार दाजींचा आला नाही. 'बिल्ल्याचं उघडं पडेल' हा आला. तेवढा वेळ मी नळापाशी उभा राहिलो. किती वेळ म्हणाल तर हातातला साबण धुवून निघण्याइतका. मग मी ओरडत सुटलो, "दाजी खाली आहेत! थांबा! दाजी खाली आहेत!" पायऱ्यांच्या तोंडाशी वॉचमनने माझी कंबर धरली. मी त्याच्या मनगटाला चावलो, रक्त आलं, तरी त्याने सोडलं नाही. जमीन हादरली. वरचा टप्पा पुढे वाकला आणि सावकाश खाली गेला, मग धुळीने सगळं झाकलं.

चाळीस माणसं उकरत होती. पहारी, फावडी, नुसते हात. माझी दोन नखं उपटली गेली ते मला संध्याकाळी कळलं. आधी डबा सापडला, चपटा झालेला. मग पाय, तोच सुजलेल्या गुडघ्याचा. वरचा दगड हलवायला सहा जण लागले, आणि हलवल्यावर त्यांतल्या दोघांनी तोंड फिरवलं. दाजींचं डोकं राहिलं नव्हतं. कानातला कापूस मात्र तिथेच, दगडाला चिकटलेला, लाल. मी तिथेच ओकलो.

कामगारांच्या खोल्या खाणीला लागूनच. आम्ही चादरीत गुंडाळून दाजींना वर आणलं तेव्हा ताई पायऱ्यांशी उभी होती. तिने चादर उघडू दिली नाही. नुसता हात आत घालून त्यांचा हात शोधला आणि धरून बसली. कुणीतरी म्हणालं, "रात्रीची वेळ लिहिली होती, आणि दुपारी उडवला." ते शब्द बाहेर पडायचाच अवकाश. चार भाषांतली सगळी माणसं एकाच वेळी ऑफिसकडे वळली. सुरुंगवाले केव्हाच आपल्या गाडीतून पसार झाले होते. उरला होता स्पेलिंग.

त्याने दाराला आतून टेबल लावलं होतं. ते टेबल आम्ही दारासकट आत ढकललं. तो कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे शिरलेला. त्याचे केस धरून मी त्याला बाहेर ओढलं, उंबऱ्यावरून, खडीवरून, थेट फळ्यापर्यंत. पहिली लाथ माझी. मग कुणाकुणाच्या पडल्या ते मोजायला शुद्ध कुणाला होती? एकाने त्याचा लिहिता हात दगडावर धरला आणि दुसऱ्याने त्यावर बूट मारला. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तो जनावरासारखा ओरडत होता. त्याचा चष्मा माझ्याच पायाखाली चुरडला.

मग तो बोलायला लागला. तोंडात रक्त, तरी स्पष्ट बोलत होता. मेला, मरताना पण शुद्ध! "फळा रिकामा होता! मी बघितला! बघूनच सही केली!" कुणी ऐकलं नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "दोन," तो म्हणाला. "यांनी दोन बि..."

"त्याला बोलू देऊ नकोस!" मागून ताई किंचाळली. "तोंडावर मार त्याच्या! मार!"

माझ्या हातात पहारीचा तुटका तुकडा होता. मी तो त्याच्या जबड्यावर घातला. एकदा, आणि मग पुन्हा. पुढचे शब्द दातांबरोबर बाहेर पडले, ते कुणालाही कळण्यासारखे नव्हते. माणसं 'अजून, अजून' म्हणत होती. त्यांना वाटलं, दाजींसाठी मारतोय. वॉचमनने मला मागे ओढलं नसतं, तर मी त्याला ठारच केलं असतं. आणि तेसुद्धा दाजींसाठी नसतं.

चौकशीला सरकारी साहेब आले. मारहाणीबद्दल त्यांनी सत्तर जणांना विचारलं आणि सत्तर जणांनी कानावर हात ठेवले. सुरुंगवाले म्हणाले, फळा रिकामा होता. साहेबांनी तर्क केला की मयताने बोलणी चुकवायला स्वतःच बिल्ला काढून घेतला असेल आणि पुन्हा खाली गेला असेल. मी मान हलवली. दोन्ही बिल्ले तेव्हा माझ्या पँटच्या खिशात होते. वेळेची ती सूचना साहेबांनी दिव्याखाली धरून वाचली आणि मोठा सुस्कारा सोडला. 'मनुष्यवधाचं कलम लागेल कारकुनाला,' असं म्हणाले. यापुढे वेळ चोवीस ताशी लिहायची, असा नवा हुकूम निघाला. सगळे खूश झाले. त्या एका ओळीवर सगळ्या खाणीचं पाप बसलं. माझं तर अख्खं बसलं.

नवव्या दिवशी ताई म्हणाली, "मला त्याला बघायचंय."

"कशाला? त्याच्यावर थुंकायला?"

"चल म्हटलं ना."

इस्पितळात सहा खाटांची खोली. स्पेलिंग खिडकीशी होता. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्यांखाली काळंनिळं. मला बघितल्यावर त्याने पाय पोटाशी घेतले. मी ज्या ज्या वेळी जवळ गेलो त्या त्या वेळी त्याने मान भिंतीकडे केली. नर्स म्हणाली, "बोलता येत नाही त्यांना. डाव्या हाताने लिहितात. अकराला साहेब येणार आहेत जबाब घ्यायला." खाटेवर वही होती. नर्स गेल्यावर त्याने ती ओढली आणि डाव्या हाताने, लहान पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. मग वही ताईपुढे धरली.

ताईला वाचता येत नाही. तिने वही माझ्याकडे दिली. "वाच."

त्यात लिहिलं होतं: 'बाई, बारा ए.एम. मीच लिहिलं. खात्री नसताना लिहिलं. ती चूक माझी. पण तुमचे भाऊ रोज दोन बिल्ले काढत. माझ्या खिडकीतून दिसे. तुमच्या यजमानांच्या गुडघ्यामुळे मी कधी बोललो नाही. त्या दिवशी मी इंजिनिअरशी बोलत होतो, खिडकीकडे पाठ होती. खिळे उघडे दिसले, मला वाटलं आज तेही वर आलेत. मी हाक मारून बघायला हवी होती.'

मी खाटेची दांडी धरली. "माफी मागतोय," मी म्हणालो. "चूक झाली म्हणतो."

स्पेलिंगने डोळे मिटले. त्याला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. ती सोय मीच करून ठेवली होती.

"आणि बिल्ल्याचं काय लिहिलंय?" ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"असं काय बघतोस? माझ्याच सांगण्यावरून त्यांना खाली ठेवायचास तू. बिल्ला कोण काढतं ते मला ठाऊक नसेल होय? चादरीतला हात हातात घेतला ना, तेव्हाच कळलं, त्या दिवशीही तूच काढला असणार."

"मग तू... तूच म्हणालीस, तोंडावर मार."

"तो तुझं नाव घेत होता." ताईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पन्नास माणसं पहारी घेऊन उभी. त्याने ते वाक्य पुरं केलं असतं तर त्याच्या जागी तुला चेचलं असतं त्यांनी, माझ्या डोळ्यांदेखत. यांना चादरीत घालून आणलं होतं. तुलाही आणू देऊ? कुणाला तरी मारणारच होते. म्हटलं, याला मारू देत."

खाटेवरचा माणूस हे सगळं ऐकत होता. त्याच्या बांधलेल्या तोंडातून हुंदका बाहेर पडेना, नाकातून नुसता घर्र घर्र आवाज येत होता. छाती वरखाली होत होती. माझ्या मनात आलं, आम्ही दोघं भावंडं मिळून याला मारत होतो आणि एकमेकांना ठाऊकही नव्हतं. मला ताईचा राग आला, इतका की हात उगारावासा वाटला. आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं.

"म्हणून आलेय मी आज," ती म्हणाली. "याच्या पाया पडायला. साहेबांना त्याने हे लिहून देऊ नये म्हणून." आणि ती खरंच वाकली. त्याच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. त्याने पाय काढून घ्यायचा प्रयत्न केला, तिने सोडले नाहीत.

तेवढ्यात साहेब फाइल घेऊन आत आले. ताई झटकन उठली, माझ्या हातातून वही हिसकावली आणि ते पान फाडून मुठीत चुरगाळलं. साहेब स्टूल ओढून बसले. "हं, काय म्हणतायत आमचे पेशंट? लिहाल ना? घडलं ते सगळं?"

स्पेलिंगने पेन उचललं. आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन कागदावर टेकलेलं, पण पुढे सरकेना. तो लिहिणार नव्हता, हे मला दिसलं. जबडा मोडलेला, हात मोडलेला, तुरुंग समोर दिसतोय, आणि हा माणूस माझ्या बहिणीसाठी गप्प बसणार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर संतापण्याची तेवढी एकच वेळ अशी, की त्याचा काहीही दोष नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "माझा जबाब आधी घ्या."

ताईने माझ्या तोंडावर मारलं. नुसती थप्पड नव्हे, मूठच मारली, कागदासकट. ओठ फुटला. मी म्हणालो, "बिल्ला मी काढला," आणि तिने पुन्हा मारलं. "मध्यरात्र आहे, झोपा, असं मीच त्यांना सांगितलं." ती माझ्या केसांना लटकली, गालावर नखं ओढली, माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी तिच्या बोटांच्या फटींतून बोलत राहिलो. याचा जबडा मी मोडला, गप्प करण्यासाठी मोडला, हेही सांगितलं. नळापाशी उभा राहिलो, तेही. दोन नर्सेस आणि साहेबांचा शिपाई अशा तिघांनी मिळून तिला बाजूला केलं. मी हात वर केला नाही. तिच्या हातचा एवढा मार मी लहानपणीसुद्धा खाल्ला नव्हता.

साहेब लिहीत होते. पान भरलं, दुसरं घेतलं. शेवटी त्यांनी पेन पुढे केलं आणि मी सही केली, कागदावर ओठातलं रक्त पडलं ते बाहीने पुसलं. शिपायाने माझा दंड धरला.

ताई जमिनीवर बसली होती, पाय पसरून. श्वास लागला होता. ती माझ्याशी बोलली नाही, साहेबांशी बोलली.

"याला किती वर्षं?"

"ते कोर्ट ठरवेल, बाई."

"तोवर मी कुणाकडे राहू?"

साहेबांनी फाइल मिटली. स्पेलिंग खाटेवरून तिच्याकडे बघत होता. शिपाई मला दाराकडे नेत असताना ती तोच प्रश्न पुन्हा विचारत होती, या वेळी नर्सला.